रीपर: आठ खात्यांची बेरीज दोन रकान्यांत

ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, मी ३४ वर्षं ऑडिट केलं. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या बेरजा तपासायच्या, व्हाउचरवर टिक मारायची, जुळलं नाही की हाफ मार्जिन, म्हणजे खुलासा मागणारा कागद, काढायचं. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, सुटले. पण जीवाजीगंजातल्या आमच्या जुन्या घरी दर गुरुवारी भजनी मंडळ बसतं, त्यात मी टाळ वाजवते, आणि गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या रेकॉर्डिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल मी जे लिहिते आहे ते साउंड इंजिनिअरचं मत नाही. आठ ट्रॅक रेकॉर्ड करून त्यांचं दोन चॅनलचं स्टिरिओ मिक्स काढायला बसलेल्या एका हिशेबनिसाचं आहे.

आधी, ही उठाठेव का केली ते. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका स्टुडिओत आम्ही पाच तास रेकॉर्डिंग केलं होतं. नाव घेत नाही. हातात काय आलं, तर एक एमपी३, आणि त्यात इतकी घुमवणी की आमच्या वन्सं किल्ल्यावर उभ्या राहून गातायत आणि आपण खाली फूलबागेत बसून ऐकतोय. म्हटलं, आवाजांचे वेगवेगळे ट्रॅक तरी द्या, कुणाकडून तरी पुन्हा मिक्स करून घेऊ. उत्तर मिळालं, ते तर डिलीट केले. मूळ व्हाउचरच फाडून टाकलं म्हणा ना! ऑडिटच्या माणसाला याच्याहून मोठी शिवी नाही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, वय ७९. तरुणपणी त्या माधव संगीत महाविद्यालयात शिकल्या. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या पाठबळाने भातखंड्यांनी इथे सुरू केलं ते. गळा ग्वाल्हेरचा, म्हणजे खुला. हळू सुरुवात करतील आणि तिसऱ्या ओळीला असा आवाज टाकतील की कपाटातल्या काचेच्या बरण्या वाजतात. तो आवाज एकदा तरी धड नोंदला जावा, एवढीच इच्छा होती.

मुहूर्त खरमासातला धरला. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्याकडे लग्नं नसतात, म्हणजे वराती नाहीत, बँड नाही, डीजे नाही. थंडी इतकी की पंखा लावायचा प्रश्नच नाही. सहालग, म्हणजे लग्नसराई, सुरू झाला की या गल्लीत रेकॉर्डिंग करणं म्हणजे बाड्यावर, भर बाजारात, ध्यानाला बसण्यासारखं. सगळा विचार करून दुपारी दोन ते पाच ही वेळ ठरवली, आणि एकच गोष्ट विसरले. मागच्या गल्लीत गजक बनवतात. हिवाळा हाच त्यांचा हंगाम, आणि गजक म्हणजे तीळ-गुळाचा गोळा लाकडी हातोड्यांनी कुटणं आलंच. ठक्, ठक्, ठक्, दिवसभर. मी जाऊन विनवलं, दोन तास थांबा. मालक हात जोडून म्हणाले, "आंटीजी, सीजन है." वर पाव किलो गजक दिली. बोलणंच खुंटलं.

मुलगा पुण्याला असतो. त्याने आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारं यंत्र, पाठवला, माइक अर्धे विकत, अर्धे मागून आणलेले. वन्संना एक माइक, मागच्या साथीच्या बायकांना एक, नानांच्या पेटीला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, टाळ-झांजेला एक, आणि खोलीचा एकंदर आवाज घ्यायला समोर दोन मीटरवर दोन. झाले आठ. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. रीपरमध्ये ट्रॅकची नावं देवनागरीत लिहिता येतात, ते मला फार आवडलं. पडद्यावर "वन्सं", "नाना", "डग्गा" अशी नावं दिसली की घरचं खातं उघडल्यासारखं वाटतं.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड केलं. याचा हिशेब सरळ आहे: एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीहून थोडं जास्त, आठ ट्रॅकना ६९ एमबी, म्हणजे तासाला ४ जीबीच्या वर. दोन दुपारी मिळून तीन तास झाले, १२ जीबी. माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपने ते निमूट सोसलं. २४ बिटचा फायदा मला असा समजला की आवाजाची पातळी भीतभीत वर ठेवावी लागत नाही. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ मध्ये कागदोपत्री १४४. म्हणून वन्संची सर्वांत मोठी तान उणे १० डेसिबलच्या आसपास राहील (शून्य ही कमाल पातळी) इतपतच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवून घ्यायचं प्रमाण, ठेवला. वर जागा मोकळी. बजेटात आकस्मिक निधी ठेवतात तसा.

आता रीपर. ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव कॉकोस, आणि तिच्यामागे जस्टिन फ्रँकेल, ज्यांनी विनॅम्प केला होता. आमच्या ऑफिसात २००० च्या सुमाराला प्रत्येक कॉम्प्युटरवर विनॅम्प असायचा, साहेबांच्या सुद्धा. डाउनलोड १५ एमबीच्या आसपास; मी दोनदा तपासलं, वाटलं अर्धवट उतरलं. ६० दिवस फुकट वापरा, एकही सोय बंद नाही. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या वर रुपये. व्यवसायातलं उत्पन्न एका मर्यादेपलीकडे असेल तर २२५ डॉलर. गंमत अशी की ६० दिवस उलटले तरी ते बंद पडत नाही. उघडताना एक खिडकी येते, काही सेकंद थांबवते, आणि पुढे जाऊ देते. कुलूप नाही, फक्त आठवण. मुलगा म्हणाला, "आई, बरेच जण तसंच वापरतात." मी ६१व्या दिवशी पैसे भरले. आयुष्यभर दुसऱ्यांवर पॅरे काढले, आता स्वतःच्या नावावर आक्षेप कसा राहू देणार?

शिकायला मात्र वेळ लागतो. मेनू उघडावा तर त्यातून आणखी मेनू, उजवं बटण दाबावं तर वीस ओळी. पहिले चार दिवस मला ते आमच्या रेकॉर्ड रूमसारखं वाटलं: सगळं आहे, पण कुठल्या रॅकवर ते फक्त जुन्या शिपायाला माहीत. नंतर कळलं, आपल्याला लागतं ते फार थोडं. स्पेसबार दाबला की चालू-बंद, कंट्रोल आणि आर म्हणजे रेकॉर्ड, कंट्रोल आणि टी म्हणजे नवा ट्रॅक. एवढ्यावर माझा महिना निघाला.

खरं काम पुढे. आठ ट्रॅक हे मिक्स नव्हे, आठ सुट्या वह्या आहेत. त्यांचा ताळेबंद दोन रकान्यांत मांडायचा, डावा आणि उजवा, त्याला मिक्सडाउन म्हणतात. पहिल्याच बेरजेला मी चकले. प्रत्येक ट्रॅकचा मीटर शून्याच्या बराच खाली, एकही लाल नाही, आणि मास्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या बेरजेच्या मीटरवर, मात्र अधिक २.३, लालभडक. सगळ्या पोटखात्यांत शिल्लक आणि एकत्रित खात्यात ओव्हरड्राफ्ट! मुलाने फोनवर समजावलं. एकमेकांशी संबंध नसलेले दोन सारख्या पातळीचे आवाज मिळवले की साधारण ३ डेसिबल वाढतात, चार मिळवले की ६, आठ मिळवले की ९. आणि दोन्ही ट्रॅकवर हुबेहूब तोच आवाज असेल तर दोनांतच ६. रीपर आतली बेरीज ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये करतं, त्यामुळे आत लाल दिसलं तरी काही फाटत नाही. फाटतं ते २४ किंवा १६ बिटच्या फाइलीत उतरवताना. तरी मी आठही ट्रॅक ६ डेसिबलने खाली घेतले. आतल्या आत चालतंय म्हणून ओव्हरड्राफ्ट कुणी ठेवत नाही.

मग डाव्या-उजव्याचं भांडण. गाणाऱ्याच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, ही आपली बैठकीची रीत. मी वन्संच्या मागे बसते, म्हणून मी जशी ऐकते तसं मांडलं: तबला उजवीकडे, पेटी डावीकडे. नाना हेडफोन लावून म्हणाले, "वहिनी, हे उलटं आहे. मी श्रोत्यांना उजवीकडे ऐकू येतो." मी म्हटलं, तुम्ही डावीकडे बसता. ते म्हणाले, कुणाच्या डावीकडे? पाऊण तास वाद झाला, चहा दोनदा झाला. शेवटी माझ्याच धंद्यातलं उदाहरण मला आठवलं. बँकेच्या पासबुकात जे जमा, ते आपल्या वहीत बँकेच्या नावे. वही कुणाची, हे आधी ठरवायचं. ऐकणारा समोर बसलाय, वही त्याची. तबला डावीकडे थोडासा, पेटी उजवीकडे तेवढीच, डग्गा जवळजवळ मध्यात, कारण खर्जातला आवाज एका कानात लटकला की कान अवघडतो. वन्सं मधोमध. खोलीचे दोन माइक टोकाला, पूर्ण डावा आणि पूर्ण उजवा.

पुढची अडचण वन्संच्या आवाजाची. बारीक सूर पेटीखाली जातो आणि मोठा सूर सगळ्यांना झाकतो. यावर कंप्रेसर लावतात, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज यंत्र आपोआप आवरतं. रीपरबरोबर रीआकॉम्प नावाचा कंप्रेसर फुकटच येतो. मी दोनास एक असं प्रमाण ठेवलं, अगदी सौम्य, आणि वन्संना ऐकवलं. त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. डोळे मिटून अर्धं कडवं ऐकलं आणि म्हणाल्या, "इथे मला कुणी दाबतंय." बरोबर तिसऱ्या ओळीवर. उंबरठा, म्हणजे यंत्र आवरायला लागतं ती पातळी, वर नेला, पुन्हा ऐकवलं. "अजून दाबतंय, पण कमी." शेवटी काढूनच टाकला. मुलगा म्हणाला मग फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, हाताने वरखाली करावा लागेल. करू की.

इथेच मी ज्यासाठी लिहायला बसले तो मुद्दा येतो. रीपरमध्ये मिक्स काढायचे दोन रस्ते आहेत. एक, रेंडर: कंट्रोल, ऑल्ट आणि आर दाबा, खिडकी उघडते, तिथे काय हवं ते सांगा, बटण दाबा. यंत्र आपल्याला न ऐकवता फाइल लिहून काढतं. सात मिनिटं चाळीस सेकंदांची भैरवी माझ्या लॅपटॉपने वीस-पंचवीस सेकंदांत उतरवली. दुसरा, जुन्या लोकांचा: गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजू द्या, फेडरवर हात ठेवा आणि जे वाजतंय ते त्याच वेळी दोन चॅनलवर रेकॉर्ड करा. सात मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं असेल तर तेवढा वेळ बसा.

मी अर्थातच आधी पहिला रस्ता धरला. वीस सेकंदांत काम होतंय म्हटल्यावर कोण बसणार? फाइल निघाली, मंडळाच्या ग्रुपवर टाकली, बायकांनी फुलं आणि नमस्काराचे हात पाठवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना दारात उभे. फार सभ्य माणूस. आधी थंडीची चौकशी केली, गुडघ्यांची केली, मग हळूच म्हणाले, "छान झालंय. फक्त पेटी जरा… शेजारच्या घरातून येतेय असं वाटतं."

मी ऐकलं. पेटी खरंच शेजारच्या घरात होती. तबल्याचा ट्रॅक नीट ऐकता यावा म्हणून मी नानांचा ट्रॅक म्यूट केला होता आणि तो तसाच राहिला. जी ऐकू येत होती ती वन्संच्या आणि खोलीच्या माइकांत सांडलेली पेटी. रेंडर म्यूटला म्यूटच मानतं, आणि मानायलाच हवं, चूक माझी. पण जी फाइल मी अख्खी एकदाही ऐकली नव्हती ती चाळीस माणसांना पाठवली होती. न वाचता सही. ३४ वर्षं मी याच कारणावरून लोकांना नोटिसा काढल्या.

त्या दिवसापासून दुसरा रस्ता. रीपरमध्ये तो असा करता येतो: आठही ट्रॅक एका फोल्डर ट्रॅकच्या पोटात घालायचे (मी त्याचं नाव "बैठक" ठेवलं), मग त्या फोल्डरच्या लाल बटणावर उजवं बटण दाबून रेकॉर्ड आउटपुट, स्टिरिओ असा पर्याय निवडायचा. म्हणजे हा ट्रॅक माइकमधून येणारं न घेता स्वतःच्या आउटपुटला जे जातंय, म्हणजे आठांची बेरीज, तेच नोंदवतो. ट्रॅक रेकॉर्डला तयार करायचा, कंट्रोल आणि आर दाबायचं, आणि हात फेडरवर.

पहिल्या रात्री हे जमलं आणि लगेच पचका झाला. रेकॉर्ड झालेलं ऐकायला लावलं तर आवाज एकदम फुगलेला, वन्सं अंगावर धावून आल्यासारख्या. घाबरून बंद केलं. दोन मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला: "बैठक"वर नवी नोंद वाजत होती आणि तिच्या पोटातले आठ ट्रॅकही वाजत होते. एकच रक्कम दोनदा जमा. बरोबर ६ डेसिबल, पैशालाही चूक नाही! नवी नोंद उचलून फोल्डरबाहेरच्या स्वतंत्र ट्रॅकवर ठेवायची आणि आठांना म्यूट करायचं, मग खरं काय झालंय ते ऐकू येतं. हे करून बघणाऱ्याने कागदावर लिहून भिंतीला चिकटवावं. मी चिकटवलं आहे.

माउसने एका वेळी एकच फेडर धरता येतो, ही खरी मर्यादा. हातांनी चालवायचे फेडर असलेलं वेगळं यंत्र मिळतं, पण पेन्शनमध्ये किती यंत्रं घेणार. त्यावर तोड अशी: फेडरची हालचाल रीपर लिहून ठेवू शकतं. ट्रॅक टच मोडवर ठेवला की गाणं वाजताना हात जसा फिरला तशी रेघ उमटते आणि पुढच्या वेळी फेडर आपोआप तसाच हलतो. साथीच्या बायकांच्या आणि टाळांच्या हालचाली मी आधी अशा लिहून घेतल्या. शेवटच्या फेरीला हातात फक्त वन्संचा फेडर.

आणि वन्सं मागे खुर्चीवर, शाल पांघरून. मी म्हटलं होतं, झोपा तुम्ही, उशीर होईल. त्या म्हणाल्या, "माझंच खातं आहे, मी बसते." हेडफोन दोघींना पुरत नाहीत म्हणून दोन छोटे स्पीकर लावले. त्यांनी माझ्या खांद्यावर बोटं ठेवली. वर दाबली की आवाज वर, हलकेच ओढली की खाली. तान येण्याच्या अर्धी मात्रा आधी बोट ओढायच्या, कारण तान कुठे येणार हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक? कंप्रेसर आवाज वाढल्यावर जागा होतो. वन्संचं बोट आधीच सांगायचं. सहा रचना, प्रत्येकीच्या तीन-चार फेऱ्या, असे पाच दिवस गेले. ज्या फेरीत माझा हात चुकला ती अख्खी टाकून दिली, मधेच जोडत बसले नाही. जोडता येतं, रीपरमध्ये ते सोपंही आहे, पण मला खाडाखोड केलेलं पान आवडत नाही.

एक गोष्ट फोनने शिकवली. स्पीकरवर सुरेख लागणारं मिक्स मंडळातल्या बायका फोनच्या एकुलत्या एका छोट्या भोकातून ऐकणार. रीपरच्या मास्टरवर डावं-उजवं एकत्र करणारं मोनोचं बटण आहे, ते दाबलं आणि वन्संचा आवाज पिंपात पडला. कारण खोलीचे दोन माइक. त्यांच्यापर्यंत आवाज दोन मीटर चालत जातो, म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ध्वनी एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो, त्यावरून काढा. तोच आवाज थोडा उशिरा पुन्हा मिळवला की काही स्वर वाढतात, काही कापले जातात. डावी-उजवी वेगळी असताना हे झाकलं जातं, एकत्र झाली की उघडं पडतं. खोलीचे माइक ५ डेसिबल खाली घेतले, १५० हर्ट्झच्या खालचं त्यांतून गाळलं, मग बरं झालं. थोडी पोकळी उरली आहे. पुढच्या वेळी ते माइक आणखी लांब ठेवून बघेन.

पक्की फाइल शेवटी रेंडरनेच काढते, कारण तिथे आकडे मिळतात. पण ती रेकॉर्ड झालेल्या स्टिरिओ ट्रॅकची, आठांची नव्हे. रीपरची रेंडरची खिडकी मला फार प्रामाणिक वाटते. काय घेतलं (पूर्ण प्रोजेक्ट की निवडलेला भाग), चॅनल किती, बिट किती, शेवटी शेपूट किती सोडली, सगळं एका पानावर. निवडलेला भाग हा पर्याय चुकून राहिला तर गाणं अर्ध्यावर तुटतं, तेवढं बघा. आणि काम झालं की शिखर किती, कुठे कापलं गेलं का, सरासरी आवाज किती लफ्स (कानाला किती मोठा लागतो ते मोजायचं एकक), हे लिहून देतं. भैरवीचं शिखर उणे १.२ आणि सरासरी उणे १९.४ आली. मुलगा म्हणाला, स्पॉटिफायसारख्या ठिकाणी उणे १४ च्या हिशेबाने पातळी जुळवतात, तू जरा वर ने. नेलं असतं तर लिमिटर लावून तानांची डोकी छाटावी लागली असती. वन्सं शेजारीच होत्या. नाही नेलं. ज्याला मोठं हवं तो बटण फिरवेल.

मूळ प्रत २४ बिटची वेव्ह, भैरवीची १३२ एमबी. मंडळासाठी ३२० चा एमपी३, १८ एमबी. ग्रुपवर टाकताना ऑडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, म्हणजे आहे तशी फाइल पोचते. आठही ट्रॅकसकट सगळं प्रोजेक्ट दोन हार्ड डिस्कवर आहे, एक माझ्या कपाटात आणि एक मुलाकडे. व्हाउचर फाडायचं नाही.

पाचांतले मी सव्वाचार देईन. पाऊण कापला तो मेनूंच्या जंगलासाठी, आणि तोही माझ्या वयाला धरून. माझा पुतण्या तबला ठेवून बसला आणि एका दुपारीत माझ्यापुढे गेला. ज्यांना फक्त फोनवर एक गाणं नोंदायचं त्यांनी या फंदात पडू नये. घरात दोन-चार वाद्यं असतील, सांजवेळ मोकळी असेल आणि कुणी कान देणारं मागे बसणार असेल, तर ६० दिवस फुकट आहेतच.

गजकवाल्यांचं राहिलंच. त्यांची ठक्ठक् डग्ग्याच्या माइकात सगळ्यांत जास्त शिरली होती. जिथे तबला वाजत नाही, आलापात वगैरे, तिथला डग्ग्याचा ट्रॅक कापून टाकला आणि बरीचशी गेली. जिथे तबला चालू आहे तिथे ती ठेक्याखाली दबली. तिसऱ्या अभंगात एक मात्र सुटली, पहिल्या कडव्यानंतर, नेमकी समेवर. मी ती काढायला निघाले होते. वन्संनी खांद्यावरचं बोट दाबलं आणि म्हणाल्या, "राहू दे. सम धरली आहे बिचाऱ्याने."